आयती आंघोळ

१

गीझर गेला शुक्रवारी. तापेना असं नव्हे. तापत होता, पण बुडातून पाणी गळायला लागलं. आधी थेंब थेंब, मग धार, आणि तीही चहाच्या रंगाची. उल्हासनगर कॅम्प पाचातून मुकेश मेकॅनिक आला, स्टुलावर चढला, गीझरच्या पोटावर बोटं वाजवून म्हणाला, "भाऊ, टाकी अंदर से सडली आहे. बोअरिंगचं पाणी ना तुमच्याकडे? सगळं खाऊन टाकतं ते. दुकानात न्यावा लागेल." त्याने गीझर उतरवला, नळ्यांच्या तोंडांना बुचं मारली आणि मोटरसायकलच्या मागे दोरीने बांधून घेऊन गेला. बाथरूमच्या भिंतीवर चार भोकं आणि टाइल्सवरून उतरलेला एक गंजाचा ओघळ, एवढं मागे राहिलं.

डिसेंबर होता. बदलापुरात त्या दिवसांत पहाटे तोंडातून वाफ निघते. तरी दुसऱ्या कुणाच्या घरी एवढ्याने अडलं नसतं. चार तांबे गार पाणी ओतून माणूस कामाला पळतो. संतोषच्या घरी अडायचं ते दादांमुळे. दादा म्हणजे त्याचे वडील, बाळाजी, वय अठ्ठ्याहत्तर. एके काळी भाताची गोणी पाठीवर टाकून बांध चढणारा माणूस. पुढे ती शेतं बिल्डरकडे गेली, बदल्यात तिसऱ्या मजल्यावरचा हा फ्लॅट आला, आणि दीड वर्षापूर्वी झटका येऊन दादांची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. 'हां' आणि 'नको' एवढे दोनच शब्द राहिले.

त्यांना रोज आंघोळ घालायचा तो संतोष. साडेपाचचा गजर, मग दादांना हॉलमधल्या खाटेवरून उचलून चाकाच्या खुर्चीत बसवायचं, खुर्ची बाथरूममध्ये न्यायची, बालदीत विसण घालून पाणी हाताच्या पाठीला सोसवेल असं करायचं आणि विचारायचं, "दादा, ऊन हाय का पानी?" दादा म्हणायचे, "हां." मग साबण, मग पाठ, मग मेलेला उजवा हात उचलून काख. पावणेसातला अंबरनाथच्या एमआयडीसीत पहिली पाळी. मीनल, त्याची बायको, आठला उल्हासनगरच्या एका लॅबमध्ये कामाला जायची आणि तेव्हाच बुवापाड्याहून बनूबाई यायच्या, दिवसभर दादांजवळ बसायला.

शनिवारी त्यांनी बालदीत हीटरचा रॉड सोडून बघितला. घरभरची वीज गेली. मीनल म्हणाली, "नको बाई. दादांना शॉक बसला तर 'आई गं'सुद्धा म्हणता यायचं नाही त्यांना." मग शनिवारी आणि रविवारी संतोषने गॅसवर दोन मोठी पातेली चढवली आणि फडक्यात धरून, हॉलमधून जपत जपत, बाथरूमपर्यंत नेली. दोन्ही दिवस आंघोळीला उशीर झाला. रविवारी पातेलं कलंडून त्याच्या पायावर सांडलं. दादांसमोर तो कधी शिव्या देत नसे. त्या दिवशी दिल्या. दादा खुर्चीत उघडेच बसले होते, कुडकुडत. त्यांनी मान खाली घातली.

२

सोमवारी गजर वाजला तो संतोषला ऐकूच आला नाही. सहा वाजून दहा मिनिटांनी तो धडपडत उठला आणि हॉलमध्ये आला तर दादा खाटेवर स्वच्छ सदरा घालून पडलेले. केस ओले, चापूनचोपून विंचरलेले. स्वयंपाकघरात मिक्सर चालला होता.

म्हणजे मीनलने उरकलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि त्याच वेळी खांद्यावरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसं हलकंही वाटलं. एकमेकांचे आभार मानायची त्यांच्या घरात रीत नव्हती. त्याने दादांच्या डोक्यावरून हात फिरवला. डोकं चांगलं ऊन होतं. केसांना जरासा धुराचा वास येत होता. थंडीत खाली वॉचमन पालापाचोळा पेटवतो, त्याचा असेल. तो डबा घेऊन निघाला.

मंगळवारी मात्र गजराआधीच जाग आली. बाहेर अजून उजाडलं नव्हतं. बाथरूममध्ये पाण्याचा आवाज होता.

तांब्या बालदीत बुडायचा. थोडा वेळ काहीच नाही. मग पाणी पडायचं, पण ते आपण घाईत ओततो तसं नाही; बारीक धारेने, लांबवत, वरून खाली. मग पुन्हा तांब्या बुडायचा. मधेच ओल्या अंगावर तळवा थोपटल्यासारखं, थप, थप. संतोष गोधडीत पडून ऐकत राहिला. दीड वर्षात पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातचं पाणी पडताना तो पडून ऐकत होता. मीनल बिचारी, त्याच्या मनात आलं. आणखी पंधरा मिनिटं झोपावं म्हणून त्याने कूस बदलली, आणि त्याचा गुडघा मीनलच्या पाठीला लागला.

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. श्वास अगदी संथ चालला होता.

आता संतोष काही मूर्ख माणूस नव्हता. पन्नास माणसांची पाळी सांभाळायचा, मशीनच्या आवाजावरून बिघाड ओळखायचा. पण त्या वेळी मनात जो विचार उठायला लागला तो त्याने पुरा होऊ दिला नाही. गोधडी उबदार होती. त्याने ती कानावर ओढून घेतली.

३

त्या संध्याकाळी चहा ओतता ओतता मीनल म्हणाली, "अहो, एवढ्या पहाटे नका घालत जाऊ दादांना आंघोळ. गारठा बाधेल."

"मी कुठे घातली?" संतोष म्हणाला. "मला वाटलं, तूच..."

"मी? मी तर आज तुमच्यानंतर उठले."

चहा कपाबाहेर सांडला. तिने तो पुसला. मग दोघंही हॉलमध्ये खाटेकडे बघायला लागले. दादा झोपले होते. हल्ली झोपायचे जरा जास्तच.

"कालपण तुम्ही नाही?"

"नाही."

ती आणखी काही विचारेल असं त्याला वाटलं. तिने विचारलं नाही. पहाटे आवाज ऐकल्याचं तोही बोलला नाही.

मग त्याने एकेक करून शक्यता तपासायला घेतल्या. दाराची कडी आतून असते. बाहेरून कोणी येणार नाही. बनूबाईंकडे किल्ली नाही. राहता राहिले दादा. त्याने डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, होतं असं कधी कधी, गेलेला जोर थोडाफार परत येतो, चांगलं लक्षण आहे. संतोषने तेवढं धरून ठेवलं. दादाच उठत असतील. धरत धरत जात असतील. जुना हाडाचा शेतकरी, सून-मुलाला त्रास नको म्हणून करत असेल.

पण चाकाची खुर्ची कोपऱ्यात होती आणि तिची चाकं कोरडी होती. दोन्ही पातेली मांडणीवर पालथी होती, कोरडी. आणि दादांचं डोकं ऊन होतं. ते पाणी कुठे तापलं, या प्रश्नाशी तो दोनतीनदा येऊन परत फिरला.

४

बुधवारी त्याने रजा टाकली. पाचलाच उठून खाटेशेजारी खुर्ची टाकून बसला. सव्वापाच झाले, साडेपाच झाले. दादा डाव्या कुशीवर शांत झोपले होते. गारव्याने दात वाजायला लागले तेव्हा तो आत गेला, कपाटातला स्वेटर काढला, डोक्यातून घातला आणि बाहेर आला. एवढाच वेळ.

दादांचे केस ओले होते.

तो बाथरूमकडे धावला. फरशी ओली, आरशावर वाफ. बालदी काठोकाठ भरलेली. त्याने बोटं बुडवली. विसण घातलेलं पाणी होतं, जसं पाहिजे तसं, ना जास्त ना कमी. त्याला स्वतःला दीड वर्षात इतकं नेमकं कधी साधलं नव्हतं.

आठला बनूबाई आल्या. त्यांनी पिशवी ठेवली, दादांजवळ गेल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"दुसरी बाई लावली का? सरळ सांगा. मी काय रागावनार न्हाय."

"कोणी नाही लावली, बनूबाई."

"मग दोन दिस झालं, मी बघतेय, ह्यास्नी कोन न्हाऊ घालतंय? तुमचं काम न्हाय हे. तुम्ही घालता तवा कानाच्या मागं साबन ऱ्हातो."

बनूबाईंनी वाकून दादांच्या टाळूशी नाक नेलं. त्यांचा चेहरा बदलला.

"ओवा," त्या म्हणाल्या. "आन लसनाच्या साली. निखाऱ्यावर टाकल्यात. अवो, धुरी दिलीया ह्यास्नी."

बनूबाईंनी ऐन उमेदीत पंचवीस वर्षं बाळंतिणींची कामं केली होती. बुवापाड्यातली निम्मी पोरं त्यांच्या हातून न्हाली होती. त्यांनी दादांचा डावा पाय उचलून तळवा बघितला. तिथे काजळाचा ठिपका होता, गोल, बोटाने लावलेला.

"तीट," त्या पुटपुटल्या. मग त्यांनी दादांच्या सदऱ्याची बटणं सोडली. छातीवरून पोटावर आणि पोटावरून खाली मांड्यांपर्यंत दोन लांबलचक लाल वळ उतरले होते, शेजारी शेजारी.

"खुर्चीचे असतील," संतोष म्हणाला.

"न्हाय. तान्ह्या पोराला पायावर पालथं घालतात न्हवं, तवा नडग्यांचं असं..." एवढं बोलून त्या थांबल्या. त्यांनी दादांकडे डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघितलं, कापड मोजावं तसं. मग हळूच बटणं लावायला घेतली. "व्हय," त्या म्हणाल्या, "खुर्चीचंच असतील."

दिवसभर त्या खाटेपासून लांब, दारापाशी बसून राहिल्या. संध्याकाळी चपला घालताना म्हणाल्या, "भाऊ, हात लई चांगला हाय. मला अजून असं जमत न्हाय. उद्यापासनं मी यायची न्हाय, मनाला लावून घेऊ नका."

५

माणसाला कशाचीही सवय होते, हेच खरं. बनूबाई गेल्या म्हणून मीनलने रजा घेतली. दोघंही पहाटे उठेनासे झाले. ठरवून नव्हे, जाग यायची, पण दोघंही डोळे मिटून पडून राहायचे, आणि सहाला पाण्याचा आवाज थांबला की बाहेर यायचे. दादांची आंघोळ झालेली असायची. अंग पुसलेलं, पावडर लावलेली. कपडे मात्र आता घातलेले नसायचे. शुक्रवारी दादा एका मऊ जुन्या धोतरात गुंडाळलेले सापडले, हात आत, पाय आत, नुसता चेहरा बाहेर. ते धोतर घरातलं नव्हतं. गुंडाळी इतकी घट्ट होती की सोडवायला दोघांना दहा मिनिटं लागली, आणि सोडवताना दादा चिडून रडले.

रडणंही वेगळंच होतं. अश्रू नव्हते.

ते आता दिवसातले अठरा-वीस तास झोपायचे. भाताचा घास तोंडात तसाच राहायचा, चावायचं विसरल्यासारखा. पेज दिली की ओठ पुढे काढून चोखायचे. अंगावर सुरकुत्या होत्या तिथे कातडी गुलाबी आणि ताणलेली दिसायला लागली होती. वळ आता मांड्यांच्या खालपर्यंत, गुडघ्यापर्यंत पोचले होते. संतोष त्यांच्याकडे बघायचं टाळायचा.

एकदा त्याने धीर करून विचारलं, "दादा, तुला आंघोळ कोन घालतंय?"

दादांनी त्याच्याकडे बघितलं. किंवा त्याच्या चेहऱ्याच्या दिशेने बघितलं. मग डोळे मिटून घेतले आणि हसले. संतोषने त्यांचा उजवा हात धरला होता, दीड वर्षं लाकडासारखा पडलेला. त्या हाताची बोटं मिटली आणि त्यांनी त्याचं एक बोट घट्ट पकडलं.

शनिवारी संतोष कॅम्प पाचात मुकेशच्या दुकानी जाऊन उभा राहिला. भिंतीला टेकून सात-आठ गीझर उघडे पडले होते. त्याचाही त्यातच होता, पोट कापलेला, आतून चुन्याचे पापुद्रे लोंबत असलेला. तो गीझर एकदा भिंतीवर चढला की सगळं पहिल्यासारखं होईल, असं संतोषने मनाशी धरलं होतं. कसं होईल हे त्याला सांगता आलं नसतं.

"मुकेशभाई, काही करून उद्या लावून द्या."

"टाकी आज येईल भाऊ. संडे को पक्का, अकरापर्यंत." मुकेशने पाना खाली ठेवला. "तुमच्याकडे पेशंट आहे ना? आंघोळीचं कसं करता मग?"

"होते ती," संतोष म्हणाला.

६

रविवारी दोघांनी ठरवलं, आज झोपायचं नाही. पाचपासून खाटेच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ती, असे बसून राहिले. दोघांनी दादांचा एकेक हात धरला होता. साडेपाच झाले. सहा झाले. काहीच झालं नाही. साडेसहाला खिडकीत उजेड आला, सातला समोरच्या इमारतीवर ऊन पडलं, खालून पाववाल्याची सायकल गेली. मीनल उठली आणि तिने चहा टाकला. संतोषला इतक्या दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

"आज मीच घालतो आंघोळ त्यांना," तो म्हणाला. ऊन जरा वर आल्यावर, सव्वानऊला, त्याने गॅसवर पातेलं चढवलं.

साडेनऊला मुकेशचा फोन आला. आत नीट ऐकू येईना म्हणून संतोष गॅलरीत गेला. ऊन चांगलं तापलं होतं. "अंबरनाथ क्रॉस केलं भाऊ," मुकेश सांगत होता, "तुमच्या इथे लिफ्ट चालू आहे ना आज?" मागे स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला. संतोष "हो, हो" म्हणत होता, आणि म्हणता म्हणता त्याला ओव्याचा वास आला.

तो वळला. खाट रिकामी होती. चादरीची चौकोनी घडी करून उशाशी ठेवली होती.

बाथरूम त्या छोट्या बोळाच्या टोकाला, स्वयंपाकघराच्या समोर. त्याचं दार वीतभर उघडं होतं. फटीतून तांबूस उजेड बाहेर फरशीवर पडला होता आणि वाफ जमिनीलगत सरपटत येत होती. पाण्याची बारीक धार. थप, थप. आणि पोराला न्हाऊ घालताना बाया दातांतून काढतात तो आवाज, श्श्श, श्श्श, मायेचा, न थांबणारा. त्या आवाजाने संतोषच्याच पापण्या जड व्हायला लागल्या. हाही विचार पुरा होऊ दिला नाही तर आपण इथेच बसून राहू, असं त्याला कळलं. त्याने दार ढकललं.

आधी त्याला दोन तळवे दिसले. उंबऱ्याशीच, टाचा फरशीवर टेकलेल्या, बोटं वर. ओले, रुंद, भेगाळलेले तळवे. तिथून पाय सरळ आत गेले होते, बाळाला घ्यायला बाई पसरून बसते तसे. आणि नडग्यांवर दादा पालथे पडले होते, उघडे, एका गालावर.

दादा साडेपाच फुटांचा माणूस. त्यांचं डोकं त्या घोट्यांपाशी होतं आणि पाय त्या गुडघ्यांपाशी. सगळेच्या सगळे मावले होते. गुडघे पलीकडच्या भिंतीला, चार भोकांच्या खाली टेकले होते, आणि भिंत तिथेच संपत होती. त्या गुडघ्यांच्या वर जे काही होतं त्याला त्या बाथरूममध्ये जागाच नव्हती. वर नुसती वाफ होती.

वाफेतून एक हात खाली आला. तांब्यातलं पाणी त्याने आधी स्वतःच्याच मनगटावर ओतून बघितलं, मग दादांच्या पाठीवर.

"दादा," संतोष म्हणाला.

दादांनी मान वळवली. चेहरा तृप्त होता. तान्हं मूल हलणाऱ्या सावलीकडे बघतं तसं त्यांनी त्याच्याकडे बघितलं, आणि नजर पुढे गेली.

कुणाचे पसरलेले पाय ओलांडू नयेत, हे लहानपणी दादांनीच त्याला थप्पड मारून शिकवलं होतं. त्याने ते ओलांडले. आत पाय ठेवताना तो घसरला आणि त्याची पोटरी त्या नडगीला घासली. ती ऊन होती. हाडामांसाची होती. त्याने दादांच्या काखेत हात घातले आणि ओढलं.

दुसऱ्या बाजूने ओढ लागेल म्हणून त्याने सगळा जोर लावला होता. कुणीच ओढलं नाही. उलट ते पाय जरासे आत घेतले गेले, वाटेत बसलेली बाई येणाऱ्याजाणाऱ्याला जागा करून देते तसे.

ओले दादा त्याच्या हातांतून निसटत होते. बोळात आल्यावर त्यांनी तोंड उघडलं आणि टाहो फोडला. समोर स्वयंपाकघरात मीनल पाठमोरी उभी होती, मिक्सरवर हात दाबून.

"मीनल!"

ती वळली नाही.

"मीनल!"

थोड्या वेळाने तिने मिक्सर बंद केला. ती आली, तिने दादांकडे बघितलं, टॉवेल आणला. "मिक्सर चालू होता," ती म्हणाली. "ऐकू आलं नाही."

संतोषची नजर तिच्या खांद्यावरून ओट्याकडे गेली. मिक्सरचं भांडं रिकामं होतं.

दादांना पुसून खाटेवर ठेवलं तोवर बेल वाजली. मुकेश आला होता.

७

मुकेशने तासाभरात गीझर लावून दिला. "बाथरूम एकदम गरम आहे भाऊ, गॅसवर पाणी तापवलं वाटतं," एवढं तो म्हणाला. संतोष हो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून संतोष पुन्हा दादांना आंघोळ घालायला लागला. पहाटे आवाज येईना. वास येईना. गीझर चांगला चालत होता. बटण दाबलं की दहा मिनिटांत कढत पाणी. पण दादांना ते सोसेना. पहिला तांब्या अंगावर पडला की ते शहारायचे, संतोषच्या हाताखालून अंग काढून घ्यायचे. विसण जास्त घालून बघितलं, कमी घालून बघितलं. "दादा, ऊन हाय का पानी?" याला ते आता हां म्हणत नव्हते आणि नकोही म्हणत नव्हते. भिंतीकडे बघत बसायचे.

वळ आठवड्यात गेले. कातडी पुन्हा सैल पडली, सुरकुत्या आल्या, उजवा हात लाकूड झाला. डॉक्टर म्हणाले, वयोमानाने चालायचंच.

जानेवारीतल्या एका सकाळी तो त्यांच्या पाठीला साबण लावत होता. दादा बोलले. दीड वर्षात पहिल्यांदा, आणि स्पष्ट, शेतावरून हाक मारायचे त्या आवाजात.

"मना कशाला आनलास?"

संतोषचा हात पाठीवर थांबला. त्याने वाट बघितली, पण पुढे काही नाही. मग साबण तसाच ठेवून चालत नाही म्हणून त्याने तांब्या बुडवला आणि पाणी ओतलं.

होळीच्या आधी दोन दिवस दादा गेले. झोपेतच गेले. शेवटच्या पंधरा दिवसांत त्यांनी पेजही घेतली नव्हती. त्या रविवारी बाथरूममध्ये काय होतं ते संतोषने कुणाला सांगितलं नाही. मीनलने कधी विचारलं नाही. ती पुन्हा कामावर जायला लागली, तोही पाळ्या करायला लागला, हॉलमधली खाट काढली.

एक सवय मात्र त्याला लागली. बाथरूममध्ये तो सरळ शिरत नाही. डाव्या भिंतीला पाठ लावून, अंग चोरून, एकेक पाऊल टाकत नळापर्यंत जातो आणि तसाच परत येतो. मधल्या फरशीवर पाय ठेवत नाही. आंघोळ कोपऱ्यात उभ्यानेच उरकतो. हे आपलं एकट्याचं आहे, असं तो समजत होता.

मे महिन्यातल्या एका सुट्टीच्या सकाळी तो बोळाच्या तोंडाशी चहाचा कप घेऊन उभा होता. मीनल खांद्यावर टॉवेल टाकून आंघोळीला निघाली. तो तिथे आहे हे तिच्या लक्षात नव्हतं. उंबऱ्याशी ती थांबली. तिने गाऊन घोट्यांच्या वर गोळा करून धरला, डाव्या भिंतीला पाठ लावली आणि अंग चोरत आत सरकली. दुसरं पाऊल टाकताना ती दचकली. तिचा पाय कशाला तरी लागला असावा.

ती पटकन वाकली, बोटं फरशीच्या वर हातभर अंतरावर टेकवली, कपाळाला लावली आणि दार लावून घेतलं.